मदत हवी आहे: 'टॅक' या शिडाच्या शब्दाचं मराठीत काय करावं?

नमस्कार मंडळी,

मुलांच्या विज्ञान मासिकासाठी शिडाच्या होड्यांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत करते आहे. विषय असा की वारा समोरून येत असताना होडी पुढे जातेच कशी. सुरुवातीला 'तारिणी'ची ओळख आहे (२०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी जिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली ती), तो भाग सरळ उतरला. गाडी अडली 'टॅक'वर. शब्द एकच, पण एकाच पानात चार वेगळे अर्थ घेऊन येतो.

मला कळलंय ते असं. थेट वाऱ्याच्या तोंडावर होडी जाऊ शकत नाही. वारा साधारण ४५ अंशांवर एका अंगाला ठेवून ती तिरकी जाते, मग नाक वाऱ्यातून पलीकडे फिरवून दुसऱ्या अंगाने तिरकी. सिंहगडाच्या घाटात गाडी चढते तशी, वळणं घेत. हे नाक फिरवणं म्हणजे टॅक. दोन वळणांमधली सरळ चालही टॅक. त्रिकोणी शिडाचा पुढचा खालचा कोपरा, तोही टॅक. आणि शेवटच्या परिच्छेदात कर्णधार 'चेंज्ड टॅक' करतो, तिथे त्याने फक्त बेत बदललाय, होडी जागच्या जागी आहे!

कोपऱ्याचं आणि बेताचं मी बघून घेईन. घोळ आहे तो 'ऑन स्टारबोर्ड टॅक'चा. माझ्याआधी कुणीतरी केलेल्या मसुद्यात तिथे 'होडी उजवीकडे वळून' असं लिहिलंय. मला ते पटत नाही, कारण शेजारच्या चित्रात वारा वरून खाली येतोय आणि होडी चक्क डावीकडे निघालीय.

तर, स्टारबोर्ड टॅक म्हणजे नेमकं काय? आणि कोकणात यासाठी काही बोली शब्द आहे का? खडकवासल्याला पलीकडच्या काठाजवळ एनडीएची शिडं दिसतात, पण तिथे जाऊन कुणाला विचारणार! जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद
पुण्यात बसून शिडाची चर्चा. चालू द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

प्रतिसाद
ताई, तुमची शंका रास्त आहे, मसुदा चुकलाय. मी नौदलात होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वारा होडीच्या उजव्या कुशीवर येत असेल तर ती स्टारबोर्ड टॅकवर. मोठं शीड आणि त्याची खालची आडवी काठी (बूम) तेव्हा डाव्या बाजूला गेलेली असते. होडी कुठे चाललीय याचा इथे संबंध नाही. चित्रात वारा वरून येतोय ना? मग डावीकडे वर तिरक्या जाणाऱ्या होडीची उजवी कूसच वाऱ्याकडे असणार. चित्र बरोबर आहे.

हे नीट उतरवा, कारण पाण्यावरचा नियम याच्यावर उभा आहे. शिडाच्या दोन होड्या समोरासमोर आल्या आणि एकीला उजवीकडून, दुसरीला डावीकडून वारा असेल, तर डावीकडून वारा घेणारीने बाजूला व्हायचं. शर्यतीत 'स्टारबोर्ड!' अशी आरोळी ऐकू येते ती त्यासाठीच. 'उजवीकडे वळा' असा अर्थ घेऊन कुणी सुकाणू फिरवलं तर पंचाईत.

एका शब्दाला इतके अर्थ कसे, तर मुळात टॅक हा दोर होता. चौकोनी शिडांच्या जुन्या जहाजांवर वाऱ्याकडचा खालचा कोपरा पुढे ओढून बांधायचा दोर. दोरावरून नाव कोपऱ्याला गेलं, कुठल्या बाजूचा दोर ताणलाय यावरून बाजूला, आणि बाजू बदलायच्या क्रियेलाही. रेसकोर्सवर घोड्याच्या खोगीर-लगामालाही टॅक म्हणतात, पण तो 'टॅकल'चा तुकडा. त्याला लेखात घेऊ नका.

प्रतिसाद
आमचं गाव मालवणकडे. आजोबांच्या पिढीत शिडाचे मचवे होते. घरी ऐकलेलं बोलणं 'वारा उजव्या अंगान घेतलो' असंच असायचं, वेगळं नाम काही ऐकल्याचं आठवत नाही. आणि अशा तिरक्या परबाणाच्या (शीड ज्याला बांधतात त्या वरच्या काठीच्या) शिडांना नाक वाऱ्यातून फिरवणं जिकिरीचं, कारण परबाण डोलकाठीच्या पलीकडे न्यावं लागतं. म्हणून बरेचदा उलटी, पाठीकडून चक्कर मारून बाजू बदलत. तेव्हा त्या क्रियेला कोकणी शब्द शोधत बसू नका.

प्रतिसाद (धागाकर्ती)
खूप आभार, विशेषतः नियमाबद्दल. तो लेखात नाहीच, संपादकांना चौकट टाकायला सांगते.

सध्या असं ठरवलंय: 'ऑन स्टारबोर्ड टॅक' म्हणजे 'उजव्या अंगाने वारा घेत'. वळणाला 'टॅक घेणे', पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून. कोपऱ्याला 'शिडाचा पुढचा कोपरा', तिथे टॅक अजिबात नको, मुलं गोंधळतील. 'चेंज्ड टॅक'ला 'पवित्रा बदलला'.

आता मालवणकरांनी लिहिलेली ती पाठीकडून चक्कर, म्हणजे 'जाइब', पुढच्याच पानावर आहे. त्यात बूम झपकन दुसऱ्या बाजूला येतो आणि डोकं सांभाळावं लागतं म्हणे. त्याला काय म्हणू?