मदत हवी आहे: मुंबई–लंडन अंतर किती आणि विमानात नक्की किती तास?

घोडबंदरकर:
आई-बाबा ऑक्टोबरच्या मध्यावर ठाण्याहून लंडनला निघतील, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात परततील. तिकिटावर जाताना मुंबई १३:३०, हीथ्रो १८:४०. येताना हीथ्रो २०:३०, मुंबई दुसऱ्या दिवशी ११:००. अंतर शोधलं तर तीन ठिकाणी तीन आकडे मिळाले: ७,२००, ४,४८० आणि ३,८९०. बाबांची गोळी सकाळी ८ आणि रात्री ८ ला असते, म्हणून खरे तास कळायला हवेत. कुणी नीट उलगडून सांगाल का?

ऐरोलीकर:
तिन्ही आकडे बरोबर आहेत. किलोमीटर, मैल आणि सागरी मैल, एवढाच फरक. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे घेतात. म्हणून जाताना फरक साडेचार तासांचा, येताना साडेपाचचा.

जाताना घड्याळात ५ तास १० मिनिटं दिसतात, त्यात ४:३० मिळवा: ९ तास ४० मिनिटं.
येताना १४ तास ३० मिनिटं दिसतात, त्यातून ५:३० वजा करा: ९ तास. इथे साडेचारच वजा केले की दहा तास येतात. बहुतेकांचं इथेच चुकतं.

घोडबंदरकर:
खूप आभार! पण ७,२०० ला ९०० ने भागलं तर आठच तास होतात. उरलेला वेळ कुठे जातो? आणि येताना कमी का?

सीवूड्स_पूर्व:
७,२०० हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून बघा: बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, युक्रेन असा जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झालं, पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना बंद केलं. त्यामुळे वळसा पडतो आणि प्रत्यक्षातलं अंतर वाढतं.

दुसरं म्हणजे वारा. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. ९०० हा विमानाचा हवेतला वेग. समोरून ताशी ८० चा वारा असेल तर जमिनीवरून बघता ८२० च राहतो, पाठीमागून असेल तर ९८०. नुसत्या ७,२०० वर हा फरक जवळजवळ दीड तासाचा होतो. वारा वाटेत बदलत राहतो, म्हणून तुमच्या तिकिटावर तो ४० मिनिटांचाच दिसतो.

शिवाय तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात धरलेलं असतं.

ऐरोलीकर:
गोळीसाठी बाबांच्या हातातलं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या. जाताना रात्री ८ ची गोळी सुटल्यापासून साडेसहा तासांनी, विमानातच येते. येताना विमान भारतीय वेळेनुसार रात्री २ ला सुटतं, म्हणजे सकाळी ८ ची गोळी उतरण्याच्या तीन तास आधी. दोन्ही वेळा आईंच्या फोनमध्ये गजर लावून ठेवा. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात अजिबात नको. लंडनमधल्या महिन्याभरात वेळ कशी सरकवायची ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

आणि तिकिटावरचा विमानतळाचा कोड आजच बघा. बीओएम असेल तर विक्रोळीहून जोगेश्वरी जोडरस्त्याने सहार, एनएमआय असेल तर उलवे. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू आहे, आणि घोडबंदरहून दोन्हींचे रस्ते पार वेगळे.

घोडबंदरकर:
बघितलं, बीओएमच आहे. गजरही लावले.