स्कॉटलंडने २०१४ साली दिलेला कौल आजही बंधनकारक मानावा का?

ग्रॅनाइटकर (धागालेखक):

१८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरील सार्वमतात मी अ‍ॅबर्डीनमध्ये मतदान केले. भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या माणसाला स्कॉटलंडच्या भवितव्यावर मत देता येते, याचे तेव्हा मलाच नवल वाटले होते; परंतु त्या सार्वमताचे नियम ठरवताना जन्म किंवा वंश न पाहता वास्तव्य पाहिले गेले, आणि म्हणून तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातील व युरोपीय संघातील नागरिकांना, तसेच १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही मताधिकार मिळाला. माझ्या शेजारच्या घरात खालच्या खिडकीत आजींनी ‘नको, आभारी आहोत’ असे पत्रक लावले होते आणि वरच्या खिडकीत त्यांच्या सतरा वर्षांच्या नातवाने ‘होय’चे. दोघे एकाच गाडीतून मत द्यायला गेले. केंद्र एका प्राथमिक शाळेत होते. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल होती आणि कागदावर एकच प्रश्न होता: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?

मी ‘नाही’पुढे फुली मारली. त्याची कारणे मला आजही नीट आठवतात. ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत स्वतंत्र स्कॉटलंडशी पौंडाची भागीदारी करण्यास नकार दिला होता. शिवाय युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष बारोसो यांनी स्वतंत्र स्कॉटलंडला युरोपीय संघात प्रवेश मिळणे अत्यंत अवघड असल्याचे सांगितले होते. म्हणजे युरोपात राहायचे असेल तर युनायटेड किंग्डममध्ये राहा, असा त्या प्रचाराचा सरळ अर्थ होता. मतदान ८४.६ टक्के झाले आणि ५५ विरुद्ध ४५ असा निकाल लागला. पुढे दोनच वर्षांत, २३ जून २०१६ रोजी, स्कॉटलंडमधील ६२ टक्के मतदारांनी युरोपात राहण्याच्या बाजूने मत दिले, तेथील बत्तीसही स्थानिक परिषदांच्या क्षेत्रांत तोच कौल आला, आणि तरीही संपूर्ण युनायटेड किंग्डमच्या बहुमतामुळे स्कॉटलंड बाहेर पडले.

माझे म्हणणे असे, की ज्या परिस्थितीवर विसंबून आम्ही संमती दिली ती परिस्थितीच नाहीशी झाली असेल, तर संमती पुन्हा विचारली गेली पाहिजे. पुन्हा विचारल्यावर लोक ‘होय’च म्हणतील असा माझा दावा नाही. विचारण्याचा मार्गच बंद असणे मला अन्यायकारक वाटते.

सातारकर:

ग्रॅनाइटकर, तुमचा अनुभव मोलाचा आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. २०१४ चे सार्वमत ही ‘एका पिढीत एकदाच येणारी संधी’ आहे, असे स्वातंत्र्यवाद्यांचे नेते अ‍ॅलेक्स सॅमंड स्वतः सांगत होते. वीस लाख लोकांनी ‘नाही’ म्हटले ते ही गोष्ट निकाली निघावी म्हणून. परिस्थिती बदलली म्हणून कौल रद्द मानायचा, तर उद्या ‘होय’ जिंकल्यावर तेलाचे भाव कोसळले तर काय करायचे? २०१४ च्या उन्हाळ्यात पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेले तेल २०१५ च्या जानेवारीत पन्नास डॉलरच्या खाली आले होते. तेलउद्योगावर चालणाऱ्या अ‍ॅबर्डीनमध्ये राहून तुम्ही ती नोकरकपात जवळून पाहिली असेल. त्या वेळी स्कॉटलंड नुकतेच वेगळे होण्याच्या वाटेवर असते, तर पहिला अर्थसंकल्प कशाच्या जोरावर मांडला गेला असता?

स्कॉटिश सरकारचेच वार्षिक हिशेब पाहा. २०२३-२४ मध्ये स्कॉटलंडची तूट सकल उत्पन्नाच्या सुमारे दहा टक्के होती आणि संपूर्ण युनायटेड किंग्डमची साडेचार टक्क्यांच्या आसपास. दरडोई सरकारी खर्च स्कॉटलंडमध्ये जास्त आहे, तो इंग्लंडशी असलेल्या या नात्यामुळेच निभावतो. स्कॉटलंडच्या बाहेर जाणाऱ्या मालाचा व सेवांचा निम्म्याहून बराच मोठा भाग उरलेल्या युनायटेड किंग्डममध्येच खपतो. युरोपातून बाहेर पडल्याने व्यापाराचे नुकसान झाले असे म्हणणाऱ्याने त्याहून मोठ्या बाजारपेठेशी सीमारेषा आखण्याची भाषा करू नये.

मावळतीचा वारा:

मूळ वादात शिरण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडे या विषयावर बोलताना ‘स्कॉटलंडही आमच्यासारखाच इंग्रजांच्या गुलामगिरीत आहे’ असे वाक्य सहज येते आणि त्यामुळे सगळी चर्चा चुकीच्या रुळावर जाते. १७०७ चे एकीकरण हा दोन संसदांनी केलेला करार होता. पनामाच्या डेरिएन येथे वसाहत स्थापण्याच्या फसलेल्या प्रयत्नात स्कॉटलंडचे पुष्कळ भांडवल बुडाले होते, इंग्लंडच्या बाजारपेठा हव्या होत्या, आणि सरदारांचे मन वळवण्यासाठी पैसाही वाटला गेला. सामान्य जनतेला कोणीच विचारले नाही. हे सगळे खरे असले, तरी तो पराभूत प्रदेश नव्हता. आपल्या पेशवाईची अखेर पाहणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश, त्याच्यानंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला जॉन माल्कम स्कॉटिश, आणि साताऱ्याच्या दरबारी रेसिडेंट राहून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफही स्कॉटिशच. साम्राज्याच्या कारभारात त्यांचा वाटा भागीदाराचा होता. स्वातंत्र्याची मागणी योग्य ठरवायची असेल, तर ती आजच्या लोकशाहीच्या आधारावर ठरवावी. आपल्या १९४७ चा रंग तिला देऊ नये.

क्लाइडकाठ:

वरील प्रतिसाद मला पटला, आणि त्यातूनच माझा मुद्दा निघतो. मी ग्लासगोत दहा वर्षे राहिलो. बाहेरच्यांना ‘होय’ म्हणजे झगे, पिपाण्या आणि निळा झेंडा वाटतो. पण २०१४ चा नकाशा उघडून पाहा. बत्तीसपैकी ज्या चारच क्षेत्रांत ‘होय’ला बहुमत मिळाले ती डंडी, ग्लासगो, वेस्ट डनबार्टनशायर आणि नॉर्थ लॅनार्कशायर. ही ताग, जहाजबांधणी, कोळसा आणि पोलाद यांवर जगलेली व ते उद्योग बुडाल्यावर मोडलेली ठिकाणे आहेत. मदरवेलचा रेव्हन्सक्रेग पोलाद कारखाना १९९२ साली बंद झाला. त्याआधी, १९८९ मध्ये, डोईपट्टीचा (म्हणजे उत्पन्न न पाहता दर प्रौढामागे लावलेला) कर इंग्लंडच्या एक वर्ष आधी स्कॉटलंडमध्ये लागू केला गेला, आणि तो लादणाऱ्या हुजूर पक्षाला स्कॉटलंडमधील ७२ पैकी अवघ्या दहा जागा मिळाल्या होत्या. मी ज्या इमारतीत राहत होतो तिथल्या प्रौढांना ती नोटीस दारात पडल्याचा दिवस आजही आठवतो.

सातारकर तुटीचे आकडे देतात ते बरोबर आहेत, पण ते आकडे स्कॉटलंड युनायटेड किंग्डममध्ये असतानाचे आहेत. तीनशे वर्षांच्या एकत्र कारभारानंतर एवढी तूट उरत असेल, तर तो एकीकरणाच्या यशाचा पुरावा कसा होतो, हे मला कोणी समजावून सांगावे. शिवाय फासलेनला, ग्लासगोपासून तासाभराच्या अंतरावर, ब्रिटनच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा तळ आहे. तो तिथे असावा की नसावा हे ठरवण्याचा अधिकार एडिनबराच्या संसदेला, म्हणजे स्कॉटलंडच्या स्वतःच्या संसदेला, नाही.

सातारकर:

क्लाइडकाठ, डोईपट्टीची जखम मी नाकारत नाही. मात्र तिच्यावर उपाय झाला आहे. १९९७ च्या सार्वमतात ७४ टक्के लोकांनी स्वतःची संसद मागितली, १९९९ मध्ये ती सुरू झाली, आणि २०१६ च्या कायद्याने प्राप्तिकराचे दर ठरवण्याचा अधिकारही तिच्याकडे आला. शाळा, रुग्णालये, विद्यापीठांचे शुल्क हे सर्व आज एडिनबरातून चालते. तिथला कारभार नीट चालला नाही, तर त्याचा दोष लंडनवर किती काळ ढकलायचा? ब्रिटिश संसदेच्या २०२४ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पक्ष ४८ जागांवरून ९ वर आला, ही मतदारांनी दिलेली समज आहे.

ग्रॅनाइटकर:

सातारकर, तुम्ही दिलेल्या त्याच निवडणुकीकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. पक्षाला जेमतेम तीस टक्के मते मिळाली, आणि तरीही स्वातंत्र्याला असलेला पाठिंबा त्या काळातील बहुतेक चाचण्यांत पंचेचाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यानच राहिला. लोकांनी पक्ष आणि प्रश्न वेगळे केले आहेत. पक्षावर रागावलेला माणूस मजूर पक्षाला मत देतो आणि घरी येऊन स्वातंत्र्याची इच्छा तशीच बाळगतो. असे दोघे माझ्या कार्यालयातच आहेत. त्यामुळे पक्ष हरला म्हणून प्रश्न मिटला असे समजणे चुकीचे आहे, आणि पक्ष जिंकला म्हणून स्वातंत्र्य मिळालेच असे समजणेही तितकेच चुकीचे.

मार्गाबद्दल बोलतो. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधील ब्रिटिश संसदेच्या, संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला सार्वमताचा कायदा करता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच असेल. पण उत्तर आयर्लंडसाठी १९९८ च्या कायद्यात नियम लिहून ठेवला आहे: युनायटेड किंग्डम सोडून आयर्लंडशी एक होण्याकडे बहुमत झुकल्याची शक्यता दिसली तर मंत्र्याने सार्वमत घ्यावे, आणि दोन सार्वमतांत किमान सात वर्षांचे अंतर असावे. स्कॉटलंडसाठी असा कोणताही लिखित निकष नाही. केव्हा विचारायचे हे त्या त्या वेळच्या पंतप्रधानांच्या मर्जीवर आहे. ‘एक पिढी’ म्हणजे सात वर्षे की पस्तीस, हेही कुठे लिहिलेले नाही.

सातारकर:

लिखित निकष असावा, इथपर्यंत मी तुमच्यासोबत यायला तयार आहे. मात्र माझी अट अशी, की तीनशे वर्षांचे राज्य मोडायला निसटते बहुमत पुरेसे मानू नये. किमान साठ टक्के, किंवा एकूण मतदारांपैकी ठरावीक हिश्शाची संमती असावी. ५२ विरुद्ध ४८ अशा कौलाने देश कसा दुभंगतो हे युरोपच्या सार्वमताने दाखवले आहे.

क्लाइडकाठ:

ही अट स्कॉटलंडने एकदा भोगली आहे. १ मार्च १९७९ रोजी प्रांतिक विधानसभेसाठी सार्वमत झाले आणि ५१.६ टक्के लोकांनी ‘होय’ म्हटले. परंतु एकूण नोंदणीकृत मतदारांच्या ४० टक्क्यांची संमती हवी, असे कलम कायद्यात घातलेले होते, आणि ‘होय’ची मते ३२.९ टक्केच भरली. जे घरी बसले ते सगळे नकारात जमा झाले. त्यानंतर संसद मिळायला वीस वर्षे लागली, आणि डोईपट्टी त्याच वीस वर्षांत आली. निकष लिहायचाच असेल तर तो लिहिताना टेबलावर १९७९ चा हा आकडा असला पाहिजे, आणि तो ठरवणाऱ्यांत एडिनबराच्या संसदेचे सभासद वेस्टमिन्स्टरइतक्याच संख्येने बसले पाहिजेत. त्याशिवाय आलेली साठ टक्क्यांची अट मी मान्य करणार नाही.