मदत हवी आहे : नाताळच्या कार्डांवर सोनेरी पावडर ठशाबाहेरही चिकटते

नमस्कार मंडळी. आम्ही वसईचे. यंदा नाताळची ४० कार्डं आणि शेजारी वाटायच्या केक-करंज्यांच्या पाकिटांवरची छपाई घरीच करायचं मनावर घेतलंय. चांदणी, गव्हाण आणि घंटा असे तीन रबर स्टॅम्प आणलेत, लाकडी मुठीचे.

३०० जीएसएमच्या (म्हणजे चांगल्या जाड) पांढऱ्या कार्डावर ठसा छान उमटतो. गाडी अडली ती सोनेरी एम्बॉसिंग पावडरपाशी (ओल्या ठशावर भुरभुरवून गरम केली की वितळून उठावदार होते ती). ऑफिसच्या शिक्क्याची शाई लावली तर ती लगेच सुकते, पावडर धरतच नाही. मग पिगमेंट शाई आणली. ती ओली राहते, पावडर बसते, पण चांदणीच्या आजूबाजूलाही सोनेरी कण चिकटून राहतात. कोणी म्हणालं, आधी कागदावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा. कोणी करून पाहिलंय का? डाग राहतो का?

हेअर ड्रायरचा प्रयोग झालाय, कृपया सुचवू नका. पावडर वितळली नाही, पण डायनिंग टेबल मात्र सोन्याचं झालं! साधी हीट गन (ड्रायरपेक्षा खूप गरम हवा सोडणारं यंत्र) घेतली तर कागद वाकू नये म्हणून किती अंतरावरून धरायची?

दुसरं, करंज्यांच्या बटर पेपरच्या पाकिटांवर शाई दोन दिवसांनीही बोटाला लागते. सध्या खाकी कागदाच्या चिठ्ठीवर ठसा मारून ती सुतळीने बांधतेय. थेट पाकिटावर, फक्त बाहेरच्या बाजूने, छापायला कोणती शाई चालेल?

आणि रेषांमध्ये अडकलेली जुनी शाई कशाने काढता? माझा जुना टूथब्रश आता दमलाय.