मदत हवी आहे: पहिल्या सुपर कपचा एकूण स्कोअर ६-३ की ६-१?

राखीव_गोली:
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या क्रीडा प्रश्नमंजुषेचा निकाल अडकलाय. प्रश्न मी काढलेले नाहीत, पण फुटबॉल बघतो म्हणून निवाडा माझ्या गळ्यात घातलाय. बक्षीस समारंभ रविवारी आहे.

प्रश्न असा होता: "युरोपियन सुपर कपची पहिली फायनल कोणी जिंकली? दोन्ही लेग मिळून स्कोअर सांगा." (लेग म्हणजे त्याच दोन संघांच्या दोन मॅचपैकी एक; एक घरी, एक परक्या मैदानावर.) एका संघाने लिहिलं, अ‍ॅमस्टरडॅमचा क्लब आयाक्स, रेंजर्सविरुद्ध ६-३. दुसऱ्याने लिहिलं, आयाक्स, मिलानविरुद्ध ६-१. उत्तरपत्रिकेत ६-१ आहे. पहिल्या संघातला बारावीतला एक पोरगा लगेच मोबाईल काढून उभा राहिला, "काका, हे बघा, आयाक्सच्या क्रायफने रेंजर्सला दोन्ही मॅचमध्ये गोल मारलेत, हीच पहिली." दुसऱ्या संघाकडेही तितकीच ठसठशीत यादी, त्यात सुरुवात १९७३ पासून. दोघांचे एरवीचे गुण सारखे आहेत, म्हणजे ट्रॉफी याच एका प्रश्नावर.

मला ही स्पर्धा कळते ती मोनॅकोला एकच मॅच व्हायची तेव्हापासूनची. त्याआधीचं नीट माहीत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि एक उपप्रश्न: १९८० ला व्हॅलेन्सिया विजेता दिसतो, पण एकूण स्कोअर २-२. मग पेनल्टी झाल्या की काय? तो प्रश्नही यादीत होता, त्यावरही कुरबूर आहे.

डावा_बॅक:
दोन्ही मॅच खऱ्या, दोन्ही स्कोअर खरे. भांडण मान्यतेचं आहे.

कल्पना डच पत्रकार अँटन विटकाम्प यांची. ते 'डे टेलिग्राफ' या दैनिकात होते. युरोपियन कपचा (देशोदेशीच्या लीग विजेत्यांची स्पर्धा) विजेता आणि कप विनर्स कपचा (देशोदेशीच्या कप विजेत्यांची स्पर्धा) विजेता, दोघांत खरा दादा कोण ते ठरवायचं. १९७२ ला युरोपियन कप आयाक्सकडे आणि कप विनर्स कप ग्लासगोच्या रेंजर्सकडे. अडचण अशी की रेंजर्सने बार्सिलोनात डायनॅमो मॉस्कोला ३-२ हरवलं त्या रात्री त्यांचे प्रेक्षक मैदानात घुसले, पोलिसांशी हाणामारी झाली आणि युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, क्लबवर युरोपातली बंदी घातली. बंदी असलेल्या क्लबच्या स्पर्धेला युएफा शिक्का कसा मारणार? मग त्याच दैनिकाच्या पाठबळावर, रेंजर्सच्या शतकमहोत्सवाच्या निमित्ताने सामने झाले. १६ जानेवारी १९७३ ला ग्लासगोत आयाक्स ३-१, २४ जानेवारीला अ‍ॅमस्टरडॅमला ३-२. एकूण ६-३. तुमचा बारावीतला पोरगा क्रायफबद्दल बरोबर बोलतोय.

पुढच्या वर्षी युएफाने स्पर्धा आपली म्हणून घेतली. त्यामुळे युएफाच्या नोंदीत पहिला सुपर कप १९७३ चा.

राखीव_गोली:
वा, मनापासून धन्यवाद. पण मग १९७३ च्या यादीत "जानेवारी १९७४" का लिहिलंय? इथेही एक जण हुज्जत घालतोय की १९७३ साली झालेली मॅच रेंजर्सचीच.

डावा_बॅक:
त्याचंही खरंच आहे बघा. वर्ष म्हणजे क्लबांनी कप जिंकले ते वर्ष. सामने क्लबांना सवड मिळेल तेव्हा, तेही बऱ्याचदा हिवाळ्यात. १९७४ ला बायर्न म्युनिक आणि माग्डेबुर्ग यांची तारीखच जुळली नाही, सुपर कप झालाच नाही. योगायोग असा की त्याच मोसमात ते दोघे युरोपियन कपमध्ये समोरासमोर आले आणि बायर्नने दोन्ही मॅच जिंकल्या.

पेठेतला_दहा_नंबर:
मिलानवाली मॅच काय साधी नव्हती राव. पहिली लेग ९ जानेवारी १९७४ ला मिलानमध्ये, कियारुजीचा एक गोल, मिलान १-०. याच कियारुजीने आठेक महिने आधी लीड्सविरुद्ध कप विनर्स कपची फायनलही एका गोलवर जिंकून दिलेली. इटालियन टीम एक गोल घेऊन येते म्हटल्यावर त्या काळात लोक काय समजायचे ते वेगळं सांगायला नको. दार लावून बसणार!

आणि आयाक्सकडे क्रायफ नाही. तो ७३ च्या उन्हाळ्यातच बार्सिलोनाला गेलेला. त्यात नोव्हेंबरमध्ये सोफियाच्या सीएसकेएने त्यांना युरोपियन कपमधून घरी पाठवलेलं. म्हणजे तीन वर्षं युरोपवर राज्य केलेली टीम उताराला लागलेली. अशा टीमने आठवड्याने अ‍ॅमस्टरडॅमला मिलानला सहा हाणले. हाफ टाइमला २-०, मुल्डर आणि कायझर. मिलानला अजून जीव होता, एक गोल केला की एकूण बरोबरी. पण सत्तर मिनिटांनंतर नेसकेन्स, रेप, म्युरेन, हान असे ओळीने चार. ६-०. सहा गोल, सहा वेगळी माणसं. आपल्याकडे शाहू स्टेडियमवर असं झालं असतं तर फटाके दुसऱ्या दिवशीपर्यंत वाजले असते.

माझं मत विचाराल तर पहिला सुपर कप हाच. रेंजर्सची मॅच चांगली, पण ती पेपरवाल्यांनी भरवलेली.

निवृत्त_पंच:
दहा नंबर, इथे असहमत. पेपरवाल्यांनी भरवली म्हणून कमी कशी? खुद्द युरोपियन कपच फ्रान्सच्या 'लेकिप' या क्रीडा दैनिकाच्या मंडळींनी सुचवला होता, युएफाने नंतर हातात घेतला. दोन्ही कप विजेते पूर्ण ताकदीने, दोन्ही मैदानांवर उतरले. फायनल म्हणायला अजून काय लागतं? आयाक्सच्या विजेतेपदांची गिनती म्हणूनच काही ठिकाणी दोन (१९७३, १९९५) आणि काही ठिकाणी तीन दिसते.

राखीव_गोली, तुमच्या उपप्रश्नाचं सोपं आहे. १९८० ला पहिली लेग नॉटिंगहॅमला, फॉरेस्ट २-१. फॉरेस्टचे दोन्ही गोल बोयरचे, व्हॅलेन्सियाचा एक फेलमनचा. मग व्हॅलेन्सियाने आपल्या घरी १-० जिंकली. एकूण २-२. पेनल्टी वगैरे काही नाही, अवे गोलच्या नियमावर निकाल: एकूण बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल केलेला संघ जिंकायचा. फेलमनचा परक्या मैदानावरचा तो एक गोल भारी पडला. दोन लेगच्या सगळ्या सुपर कपांत एकूण बरोबरी झालेली ही एकच वेळ. युएफाने २०२१ ला तो नियमच काढून टाकला, त्यामुळे नव्या पोरांना हे विचित्र वाटणारच.

राखीव_गोली:
निवृत्त पंच, हे थेट वाचून दाखवतो. पण मुख्य भानगड तशीच आहे. गुण कोणाला? प्रश्नात ना "अधिकृत" लिहिलंय ना साल.

निवृत्त_पंच:
मग दोघांनाही पूर्ण गुण द्या आणि टायब्रेकर घ्या. लिहिलेल्या प्रश्नाबाहेरची अट निकालाच्या दिवशी लावता येत नाही. मंडळात कोणी कुरकुर केली तर डावा बॅकचा पहिला प्रतिसाद दाखवा.

डावा_बॅक:
+१. टायब्रेकर इथे उघड टाकत नाही, तुमचा पोरगा हा धागा वाचत असणार. १९९६ च्या युव्हेंतुस आणि पॅरिसच्या दोन लेगांवर एक छान प्रश्न आहे. पहिल्या लेगचा स्कोअर सगळे सांगतील, म्हणून तो विचारू नका. प्रश्न आणि उत्तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय, बघा.

राखीव_गोली:
व्यनि मिळाला. उत्तर वाचून मीच चाट पडलो, स्वतःच्या शहरात का नाही खेळले हे लोक? असो, तो वेगळा धागा. दोन्ही संघांना आत्ताच कळवतो.

पेठेतला_दहा_नंबर:
कळवा. आणि ६-१ वाल्यांना माझ्याकडून एक चहा.