मंगळाच्या रोव्हरची चाचणी धुळे-नंदुरबारच्या डाइकवर घ्यावी का?

तापीकाठ
मंगळावर उतरायचा इरादा इस्रोने बोलून दाखवलाय. रोव्हर जाणार असेल तर त्याची चाकं आधी आपल्याकडे फिरवा, असं माझं म्हणणं. धुळे-नंदुरबार पट्ट्यात 200 हून जास्त डाइक आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम. लाव्हा भेगांत थिजला, आजूबाजूचा खडक झिजला आणि या काळ्या भिंती उघड्या पडल्या. मंगळावरही व्हॅलेस मरीनेरिस या प्रचंड दरीच्या कड्यांत डाइक दिसलेत, खडकही बेसाल्टच. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या चाकाचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा जेमतेम 0.75 मिमी जाड. 2012 मध्ये उतरला आणि पुढच्याच वर्षी पत्र्याला भोकं पडली. असले टोकदार दगड साक्री-दोंडाईच्याकडे फुकट पडलेत.

लळिंगचा वारा
दगड काळा दिसला म्हणजे मंगळ झाला का? क्युरिऑसिटीला छळलं ते बेसाल्टने नाही. तो उतरला त्या गेल विवरातला घट्ट झालेला वालुकाश्म, वाऱ्याने घासून धारदार झालेला आणि जमिनीत पक्का रुतलेला. सुटा दगड चाकाखाली सरकतो, रुतलेला सरकत नाही. मागची चाकं रेटतात आणि पुढचं, मधलं चाक त्या टोकावर दाबलं जातं. तिथे पत्रा फाटतो. आपल्या डाइकवरचा दगड पावसापाण्याने कुजून गोल झालेला, वर गवत आणि बाभळी. पुढच्या पर्सिव्हरन्स रोव्हरला पत्रा जवळपास दुप्पट जाड दिला आणि चाकावरचे उंचवटे 24 वरून 48 केले. त्यासाठी कुणाला साक्रीला यावं लागलं नाही.

तापीकाठ
कुजलेला दगड नको तर खाणीचा ताजा कच घ्या. फुटका बेसाल्ट कोनदारच असतो. तो सिमेंटमध्ये अर्धा गाडला की रुतलेला दगड तयार! आणि घसरण मोजायला मोठी यंत्रं लागत नाहीत. 50 सेंमी व्यासाचं चाक एका फेऱ्यात 1.57 मीटर जायला हवं, म्हणजे दहा फेऱ्यांत 15.7. प्रत्यक्षात 11 मीटरच गेलं तर घसरण 30 टक्के. उतार पाच-पाच अंशांनी वाढवत नेला की कुठल्या चढावर चाक जागेवरच फिरायला लागतं ते कळतं.

लळिंगचा वारा
आणि वजनाचं काय? क्युरिऑसिटी 899 किलोचा, पण मंगळाचं गुरुत्व आपल्या 0.38 पट, म्हणजे तिथे तो इथल्या 340 किलोसारखा दाबतो. म्हणून नासा जमिनीवर स्केअरक्रो नावाचा हलका रोव्हर चालवते, त्यात संगणकच नाही. तरी फसगत होतेच. रोव्हर हलका केला तरी त्याच्याखालच्या वाळूचे कण पृथ्वीच्याच वजनाने एकमेकांवर दाबून बसतात. वाळू इथे जास्त आधार देते आणि चाचणीचा आकडा तिथल्यापेक्षा चांगला येतो. तुमचे 30 टक्के तिथे किती होतील, ते या मोजणीवरून सांगता येत नाही. नासाचा स्पिरिट रोव्हर 2009 मध्ये वरवर घट्ट दिसणाऱ्या पापुद्र्यातून खालच्या भुसभुशीत सल्फेटमिश्रित मातीत गेला, तो कायमचा अडकला.

रावेरचं केळं
खरं शे भाऊ, माती चुकली की सगळंच चुकतं. मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाचा मोल बघा. सुमारे 40 सेंमी लांबीचा खिळा, स्वतःला ठोकत पाच मीटर खाली जाणार होता. ठोकताना मागे उसळू नये म्हणून भोवतीच्या मातीने त्याला धरायला हवं. तयारी झाली सैल वाळू गृहीत धरून. तिथे निघाली एकमेकांना चिकटलेल्या कणांची कवचासारखी माती. खिळ्याभोवतीचं भोक रुंद झालं, घर्षण गेलं आणि तो जागीच उसळत राहिला. जानेवारी 2021 मध्ये नाद सोडला.

पण चाकाचा वाद जरा बाजूला ठेवा. खान्देशाचं खरं भांडवल खनिजं आहेत. आपल्या काळ्या मातीतली स्मेक्टाइट चिकणमाती बेसाल्ट कुजूनच झालेली. त्याच गटातली खनिजं गेलमध्ये सापडली, आणि युरोपचा रोझालिंड फ्रँकलिन रोव्हर जिथे दोन मीटर खोल ड्रिल करणार त्या मंगळावरच्या ऑक्सिया प्लॅनममध्येही चिकणमातीच आहे. जळगाव-सावद्याचे झिओलाइट, म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांतले स्फटिक, तर जगभरच्या संग्रहांत दिसतात. मंगळावर नीली फॉसीजवळ त्याच कुळातलं अ‍ॅनाल्सीम कक्षेतून ओळखलं गेलंय. तेव्हा इथे चाक नको, प्रकाशावरून खनिज ओळखणारा वर्णपटमापक तपासा.

लळिंगचा वारा
याला विरोध नाही. पण शेतातून खोरंभर माती उचलून नेऊ नका. खनिज ज्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतं तिथे वर्णपटात पट्टा दिसतो; स्मेक्टाइटचे पट्टे 1.4, 1.9 आणि 2.2 ते 2.3 मायक्रॉनला येतात. ओली माती असेल तर पाण्याचेच पट्टे इतके रुंद होतात की शेजारचं काही दिसत नाही. वरच्या थरातला सेंद्रिय भाग सगळा वर्णपट काळवंडतो, आणि खताचे क्षार वेगळेच.

रावेरचं केळं
म्हणून मीटरभर खालची घ्यायची, तीही नांगर न लागलेल्या पडीक जागेतली. दोन मिमीच्या चाळणीतून काढून 105 अंशांवर 24 तास सुकवायची. नंतर उघडी ठेवली तर पावसाळी हवेत ती पुन्हा पाणी ओढते, तेव्हा सिलिका जेल घातलेल्या बंद भांड्यात थंड करायची आणि लगेच मोजायची. 2.2 जवळचा पट्टा अ‍ॅल्युमिनियमचा, 2.29 चा लोहाचा, 2.31 चा मॅग्नेशियमचा. हे तिन्ही वेगळे ओळखू न येणारं यंत्र मंगळावर नेऊन उपयोग नाही. लोहाचा पट्टा तपासायला घाटरस्त्यांच्या कापात दोन लाव्हाथरांमध्ये दिसणारी लाल माती घ्या, हेमॅटाइट हे लोहाचं खनिजही मिळेल.

तापीकाठ
मंगळाच्या मातीतलं परक्लोरेट, म्हणजे क्लोरीन-ऑक्सिजनचा क्षार, कुठून आणणार? नासाच्या फिनिक्स यानाला 2008 मध्ये ते तिथे सुमारे अर्धा टक्का सापडलं. तापवलं की सेंद्रिय रेणू जाळून टाकतं.

रावेरचं केळं
ते वरून घालायचं. किलोला पाच ग्रॅम मॅग्नेशियम परक्लोरेट, पण फक्त प्रयोगशाळेत. हा जोरदार ऑक्सिडीकारक आहे, कागद-लाकडाजवळ ठेवायचा नाही. आणि माती आधी सुकवा, मग ते मिसळा. सेंद्रिय कचरा असलेली माती परक्लोरेट घालून भट्टीत टाकली तर पेट घेऊ शकते.

लळिंगचा वारा
म्हणजे डाइकवर रोव्हर रद्द. साक्रीचा खडक राहू द्या, खालची माती न्या.

तापीकाठ
रद्द कशाला? कॅमेऱ्याची दिशादर्शक प्रणाली अजून बाकी आहे. मंगळावरचं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर 72 उड्डाणं करून जानेवारी 2024 मध्ये पडलं, कारण खाली एकसारख्या वाळूच्या लाटा होत्या आणि कॅमेऱ्याला धरायला खूणच सापडेना. डाइकच्या उतारावर खुणाच खुणा आणि पायथ्याला नांगरलेलं सपाट रान. अल्गोरिदम नेमका कुठे हात टेकतो, ते इथे एका फेरीत दिसेल. त्यासाठी गुरुत्व 0.38 नसलं तरी चालतं.