ईडेल (डार्बीशर) भागात आई-बाबांसोबत चालायला वाटा सुचवा

मँचेस्टरी_पोहे
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येताहेत. लंडन आणि लेक डिस्ट्रिक्टचं ठरलंय, पण बाबांचा हट्ट आहे की खेड्यातून पायी भटकायचं. आमच्याकडे गाडी नाही, म्हणून मँचेस्टर पिकॅडिलीहून थेट ट्रेन असलेलं ईडेल डोक्यात आहे.

बाबा साठी उलटलेले, पण अजून दर रविवारी सिंहगड चढतात. आई रोज तळजाईला फिरते. चढ चालतो, उतरताना मात्र गुडघे बोलतात. दोघांना एकाच दिवशी जमेल असं काही आहे का? आणि एक बावळट प्रश्न: इथल्या वाटा सरळ लोकांच्या शेतातून, मेंढरांमधून जातात. कुणी हटकलं तर काय सांगायचं?

शेफिल्डचा_सातारकर
प्रश्न बावळट अजिबात नाही, आपल्याकडून आलेल्या प्रत्येकाला तो पडतो. पिवळा बाण दिसला की ती पायवाट. शेत कुणाचंही असो, त्या वाटेने चालायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलीही येणार. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं: बंद असेल तर मागे बंद करा, उघडं बांधून ठेवलेलं असेल तर तसंच राहू द्या. शेतकरी भेटलाच तर 'मॉर्निंग' म्हणा, तोही म्हणेल. हटकणं वगैरे दूरच.

आता वाट. डोळे झाकून मॅम टॉर. स्टेशनवरून दरी ओलांडून हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीत चढायचं, तिथून उजवीकडे धारेने मॅम टॉरचा माथा (५१७ मीटर), मग मॅम निकला उतरून बार्बर बूथ या वस्तीवरून परत ईडेल. आठ-दहा किलोमीटर होतं. धारेवर फरसबंद वाट आहे, त्यामुळे चिखलाचा त्रास नाही. एका बाजूला ईडेलची दरी, दुसऱ्या बाजूला कॅसलटन आणि सिमेंटच्या कारखान्याचं धुराडं. ते धुराडं फोटोतून वगळायचा प्रयत्न सगळेच करतात, जमत कुणालाच नाही.

डार्कपीकचा_भटक्या
मॅम टॉर छानच, पण सुट्टीच्या दिवशी तिथे लक्ष्मी रोडइतकी गर्दी असते. सिंहगडवाल्या बाबांना किंडर स्काउट दाखवा. उंची ६३६ मीटर, पीक डिस्ट्रिक्टमधला (म्हणजे ईडेलच्या आसपासच्या या डोंगराळ मुलखातला) सगळ्यात उंच भाग. ईडेल स्वतःच अडीचशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे चढ जेमतेम चारशेचा. पेनाइन वे ही ४३१ किलोमीटरची, थेट स्कॉटलंडमधल्या कर्क येथोमला जाणारी वाट ईडेललाच सुरू होते. ती १९६५ मध्ये खुली झाली. बाबांना 'आपण स्कॉटलंडच्या वाटेवर आहोत' एवढं सांगितलं तरी ते खूश होतील.

मी सुचवेन: ग्रिंड्सब्रुकच्या घळीने वर, कड्याच्या काठाकाठाने पश्चिमेला, वाऱ्याने घासून चित्रविचित्र झालेले खडक बघत किंडर लोपर्यंत, आणि जेकब्स लॅडरने खाली. सुमारे १५ किलोमीटर. दिशा उलटी करू नका. घळीच्या वरच्या टोकाला मोठमोठे धोंडे आहेत, हात टेकवत चढायला मजा येते, पण त्यावरून उतरणं म्हणजे शिक्षा. जेकब्स लॅडरला नीट दगडी पायऱ्या आहेत आणि खाली ओढ्यावर जुना दगडी पूल.

नकाशावाला
वरच्या सल्ल्याला एक मोठा 'पण' जोडतो. किंडर चढाने दमवत नाही, माथ्यावर चकवतं. वर सह्याद्रीतल्यासारखी नाकाडं किंवा सोंडा नाहीत, सपाट पठार आहे, काळ्या पीटचं (कुजलेल्या झाडपाल्याची दलदलीची माती), आणि त्यात माणूस बुडेल इतक्या खोल घळी. ढग उतरला की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि सगळ्या घळी सारख्याच दिसतात. काठाची वाट सोडून पठाराच्या मध्यात 'शॉर्टकट' मारू नका. सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरलेले लोकच इथे जास्त बेफिकीर असतात, असं माझं निरीक्षण आहे. 'सहाशे मीटर तर आहे' म्हणतात.

ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशासंस्थेचा ओएल १ हा 'डार्क पीक' नकाशा घ्या. त्यावर हिरव्या तुटक रेषा म्हणजे हक्काच्या पायवाटा. ॲपवर चालत असाल तर घरूनच उतरवून घ्या, दरीत नेटवर्कचा भरवसा नाही. वेळेचा अंदाज नेस्मिथच्या नियमाने: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त. आई-बाबांसोबत त्यावर निम्मा वेळ आणखी धरा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, ती काळजी नाही.

अडचण आलीच तर ९९९ हा आणीबाणीचा नंबर लावून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू म्हणायचं. थेट रुग्णवाहिका मागितलीत तर डोंगरावर ती येणार कशी?

गुडघेदुखी_गँग
सगळे बाबांच्या मागे लागलेत, आईचं कुणी बघतंय का? 😀

सातारकरांची वाट आईंना चढायला जमेल, पण मॅम निकनंतर रस्ता ओलांडला की बार्बर बूथपर्यंत उतारच उतार आहे. काठ्या हव्यातच, आणि एक नाही, दोन. त्यापेक्षा हॉलिन्स क्रॉसपर्यंत जा, धारेवर थोडं हिंडा, डबा खा आणि आल्या वाटेने हळूहळू खाली. मॅम टॉरचा माथा गाठलाच पाहिजे असा नवस बोललेला नाही.

तेही नको असेल तर दरीतला फेरा: गावातून पेनाइन वेने शेतांतून अपर बूथची वस्ती, आणि परत बार्बर बूथवरून. पाच-सहा किलोमीटर, चढ किरकोळ. माझ्या सासूबाईंना हाच सगळ्यात आवडला. दगडी गडगे, मेंढरं, नदीकाठ. बाबा तोवर किंडर करून येतील आणि जेकब्स लॅडर उतरून अपर बूथवरूनच परततील, म्हणजे तिथे गाठ घालता येईल.

गाईंबद्दल: वासरं बरोबर असतील तर गाय आणि वासरू यांच्या मधून जायचं नाही, शेताच्या कडेने लांबून वळसा. आपण गाईच्या पाठीवर हात फिरवायला जातो, इथे तो मोह आवरा.

मँचेस्टरी_पोहे
केवढी मदत! अपर बूथला गाठ घालायची कल्पना फारच आवडली. पण बाबांनी एकट्याने किंडर करणं मला नको वाटतंय. आणि बाबांना इतिहासाचं वेड आहे. इथे किल्ले नाहीत म्हणून ते आधीच नाराज आहेत.

शेफिल्डचा_सातारकर
किल्ला नाही कसा? मॅम टॉरच्या माथ्याभोवती तटबंदीचे उंचवटे दिसतात, तो प्राचीन डोंगरी किल्ला आहे. खाली कॅसलटनला पेव्हरिल कॅसल. शिवाय मॅम टॉरची पूर्वेची बाजू सतत घसरते. तिच्यावरून जाणारा मोठा रस्ता दुरुस्त करून करून शेवटी १९७९ मध्ये कायमचा बंद केला. डांबराचे मोडलेले थर अजून तिथे बघायला मिळतात. माळशेजला दरडी बघितलेल्या माणसाला ते नक्की आवडेल.

डार्कपीकचा_भटक्या
आणि किंडरचा इतिहास तर किल्ल्याहून भारी. हे पठार पूर्वी जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, सामान्यांना बंदी. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर भागातले काही शे कामगार तरुण हेफील्डच्या बाजूने मुद्दाम घुसले. पुढाकार होता वीस वर्षांच्या बेनी रॉथमनचा. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. त्या शिक्षांनी लोकमत उलट त्यांच्याच बाजूने वळलं. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. माळरानावर वाट सोडूनही पायी हिंडायचा हक्क मात्र २००० च्या कायद्याने मिळाला. सत्याग्रह म्हणजे काय हे बाबांना वेगळं सांगायला नको.

एकटे पाठवायचे नसतील तर तुम्ही बाबांबरोबर जा आणि आईसोबत दुसरं कुणी द्या. ढग असतील तर बेत रद्द, मुकाट्याने मॅम टॉर.

नकाशावाला
खाण्याचं: दशम्या-चटणी, थेपले न्या. पण शेगडी, बार्बेक्यू काही पेटवू नका. कोरडं पीट जमिनीच्या आतून धुमसत राहतं. कुत्रा असेल तर मार्च ते जुलै माळरानावर आखूड दोरीने धरायचा, पक्षी जमिनीवर घरटी करतात. संध्याकाळी पायांवर गोचीड आहे का तेही बघा. आणि वयाची साठी झालेल्यांना सीनियर रेलकार्डवर तिकीट एकतृतीयांश स्वस्त पडतं, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो.

मँचेस्टरी_पोहे
ठरलं. मंगळवार किंवा बुधवार, गर्दी टाळून. आकाश मोकळं असेल तर मी आणि बाबा किंडर, आई आणि नवरा दरीतला फेरा, गाठ अपर बूथला. नाहीतर सगळे हॉलिन्स क्रॉस. आईचा एकच प्रश्न उरलाय: पबमध्ये चहा मिळतो का?

गुडघेदुखी_गँग
मिळतो, किटलीभर. दूध वेगळ्या भांड्यात आणि थंड देतात, तेवढी मनाची तयारी करून ठेवा. आलं घरून न्या.