मदत हवी आहे: चिऱ्याच्या बांधामागे कुठलं जिओटेक्स्टाइल घालू?

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात उतारावर आमची हापूसची बाग आहे. खालच्या अंगाला सहा फुटी चिऱ्याचा बांध, त्यामागे खडी, आणि खडी नि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड, घातलं होतं. गेल्या पावसात बांधाच्या भोकांतून तांबडं पाणी वाहतच राहिलं. ओंजळीत धरलं की तळाशी पिठासारखा गाळ बसायचा. श्रावणात तर वरच्या दोन कलमांच्या मुळाशी जमीनच खचली. आजोबांच्या हातची झाडं ती, बघवत नाही.

मला समजलंय ते असं: कापडाची छिद्रं प्रत्येक कणाहून बारीक असावी लागत नाहीत. सुरुवातीला थोडी बारीक माती निघून जाते, मग जाडे कण छिद्रांपाशी अडतात, त्यांच्यामागे मधले, त्यांच्यामागे बारीक. म्हणजे मातीच मातीला अडवते आणि पाणी निवळतं. छिद्रं फारच बारीक असली तर ती गाळाने बुजतात, पाणी मागे तुंबतं नि बांधावर दाब येतो.

आमचं पाणी निवळलंच नाही. कापड सिमेंटच्या गोणीसारखं विणलेलं होतं. शिवाय ते मातीला नीट टेकलेलं नव्हतं, मागे हात जाईल एवढी पोकळी होती.

जांभ्याच्या मातीला सुया टोचून केलेलं, नमद्यासारखं कापड चालेल का? मातीच्या कणांची चाचणी रत्नागिरी-कणकवलीकडे कुठे होते? जोडावर फूटभर कापड चढवलं तर पुरेल का? मिरगाच्या आत काम उरकायचंय.